डाव्या हाताचं वाद्य

पेटीवाल्याच्या उजव्या हाताकडे सगळे बघतात. बोटं पट्ट्यांवरून कशी पळतात, गायकाची तान संपते न संपते तोच ती कशी उचलतात, याचं कौतुक होतं. डावा हात बिचारा भात्यावर. पण सूर कोणता लागणार एवढंच उजवा हात ठरवतो. तो किती जोरात लागणार, कितपत टिकणार, कुठे विरणार हे सगळं हवेवर असतं, आणि हवा डाव्या हातात असते. चांगल्या साथीदाराचा भाता गायकाच्या दमाबरोबर चालतो; हे ऐकणाऱ्याला कळत नाही, गायकाला मात्र बरोबर कळतं.

कार्यक्रमात वाजवायला मिडी कंट्रोलर घ्यायचाय म्हणून कोणी सल्ला विचारला, की मी म्हणूनच डाव्या हातापासून सुरुवात करतो. विचारणारा जरा वैतागतो. त्याला ६१ पट्ट्या की ८८, एवढंच हवं असतं. त्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. पियानो शिकला असशील आणि दोन्ही हातांनी पियानोच वाजवणार असशील तर ८८, त्याही हॅमर ॲक्शनच्या, आणि उचलायला सोबत एक माणूस. अभंग, भावगीतं, नाट्यपदं, जुनी हिंदी गाणी यांची साथ करणार असशील तर ६१ पुष्कळ झाल्या. पेटीच्या साडेतीन सप्तकांत आपल्या पिढ्यान् पिढ्या गाऊन गेल्या. ४९ मध्येही निभतं, फक्त डावीकडे वेगळा टोन लावला की उजव्या हाताची अडचण होते. २५ पट्ट्यांचा घरी रेकॉर्डिंगला ठीक. झालं. खरी निवड पट्ट्या संपतात तिथून, डावीकडे सुरू होते.

मंडळाचे कार्यकर्ते अजूनही कुठल्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. स्टेजवर कंट्रोलर मांडलेला बघून त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो, याचा आवाज कुठून येतो? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण त्याला आवाजच नसतो. दिसायला कीबोर्ड, पण मुका. पट्टी दाबली की तो केबलमधून निरोप पाठवतो: अमुक क्रमांकाचा सूर, इतक्या जोराने, चालू. बोट उचललं की दुसरा निरोप: तोच सूर, बंद. त्या निरोपांचं गाणं करणारा दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. लॅपटॉप, टॅबलेट नाहीतर साउंड मॉड्यूल. टोन आवडला नाही तर तो बदलायचा. वाद्य तेच राहतं. त्यामुळे कंट्रोलर निवडताना कानाला फारसं काम नाही. सगळं काम हाताचं.

आणि इथेच दुकानात गफलत होते. विक्रेता कंट्रोलर लॅपटॉपला जोडून ठेवतो, त्यात एखादा भारदस्त पियानो किंवा व्हायोलिनांचा ताफा लावलेला असतो, आपण एक पट्टी दाबतो आणि विरघळतो. तो आवाज लॅपटॉपचा असतो, समोरच्या वस्तूचा नव्हे. धोबी तलावला जेर महालमध्ये फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान असो की तालुक्याच्या गावातला गिटार आणि तबला शेजारी शेजारी टांगणारा दुकानदार, त्याला सरळ सांगावं: दादा, आवाज बंद करा. मग वाजवावं. पट्टी खाली जाताना आणि वर येताना बोटाला काय कळतं ते बघावं. कडेची पट्टी आणि मधली पट्टी सारखीच दाबली जाते का, काळ्या पट्टीच्या मागच्या टोकाला बोट पडलं तर ती अडते का, जलद तानेत पट्ट्या खुळखुळतात का. शांततेत कळणाऱ्या या गोष्टी आहेत. विक्रेता थोडा चमत्कारिक नजरेने बघेल. बघू द्यावं.

पट्टीच्या आतली रचना एकदा पाहून ठेवण्यासारखी आहे. पट्ट्यांची ओळ काढली की खाली रबराची लांब पट्टी दिसते, तिच्यावर छोटे छोटे फुगवटे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा क्षणभराने. कंट्रोलर या दोन टेकण्यांमधला वेळ मोजतो. वेळ कमी, म्हणजे बोट जोरात पडलं. त्याचा आकडा होतो, जास्तीत जास्त १२७. म्हणजे आपण ज्याला जोर म्हणतो तो या वाद्याला वेग म्हणूनच कळतो. कोकणातल्या दमट हवेत किंवा धुळीच्या मैदानात वर्षानुवर्षं वाजलेल्या कीबोर्डची एखादी पट्टी अचानक ओरडायला लागते, हळू दाबली तरी किंचाळते, त्याचं मूळ बहुतेक वेळा या ठिपक्यांवर बसलेल्या थरात असतं. खोलून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसलं की बरेचदा निभतं. इटलीतल्या रेकानातीची फाटार ही कंपनी नुसत्या पट्ट्यांचे सांगाडे बनवून निरनिराळ्या ब्रँडना पुरवते. वरचं नाव वेगळं, किंमत वेगळी, आणि आत सांगाडा फाटारचा, असं पुष्कळदा असतं. पट्ट्या कोणाच्या आहेत हे विचारायला लाजू नये.

आता डावीकडे येऊ. पट्ट्यांच्या डाव्या अंगाला चाकं ठेवण्याची पद्धत १९७० च्या मिनीमूगपासून रुळली: एक सूर वरखाली वाकवायचं, दुसरं त्यात कंप भरायचं. आपल्याला त्यातलं पहिलं जिवापाड महत्त्वाचं. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. त्यामागचा मोठा आक्षेप हाच होता की पट्टीवर मींड निघत नाही; एक सूर संपतो, दुसरा सुरू होतो, मधली वाट दिसतच नाही. पेटीवाल्यांनी बोटांच्या चलाखीने मींडेचा भास उभा केला, तो भलताच सुंदरही केला, पण आक्षेप खोटा नव्हता. डावीकडचं हे चाक म्हणजे त्याला उशिरा मिळालेलं, अर्धंमुर्धं का होईना, उत्तर आहे. भाता गेला, डावा हात मोकळा झाला आणि त्याला पेटीत कधीच नव्हतं ते काम मिळालं.

मिडी येण्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग या वादकाने रोलंडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं मांडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, की पाश्चात्त्यांच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीतासारखं काहीतरी हा माणूस त्यांच्या आधीच करून बसला होता. तो वाद ज्याने त्याने घालावा. मी ती ऐकतो ती घसरणाऱ्या सुरांसाठी. यंत्राचे सूर, पण एकातून दुसऱ्यात असे ओघळत जातात की खाली पट्ट्या आहेत हे विसरायला होतं.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलंडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले गेले आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरा बोलला: हीच मिडी. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोन प्रतिस्पर्धी कारखानदारांनी मिळून हे घडवलं, त्यासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. त्यांच्या आराखड्यात सुराच्या जोराला १२८ पायऱ्या आहेत, पण सूर वाकवायला १६,३८४. एवढ्या बारीक जिन्यावर कानाला पायरी जाणवत नाही.

जिना बारीक असला तरी त्यावरून चालणारा हात आपला, आणि हाताखाली स्प्रिंग त्या कंपनीची. म्हणून दुकानात करायची माझी आवडती परीक्षा ही: कोमल गंधार धरा आणि चाक मागे घेत सावकाश रिषभावर उतरा, तिथे थांबा, मग तितक्याच सावकाश परत या. बहुतेक कंट्रोलरांवर जाताना जमतं. परतताना स्प्रिंग चाकाला हातातून ओढून घेते आणि मींडेची उसळी होते. ज्याची स्प्रिंग शेवटपर्यंत तुमचं ऐकते तो अर्धा पसंत समजा. काहींवर चाकाऐवजी जॉयस्टिक असते. आडवी नेली की सूर वाकतो, पुढे ढकलली की कंप भरतो. ऑर्केस्ट्रातल्या गिटारच्या तुकड्यांना ती फार छान, पण शांत आलापीत हात जरा पुढे गेला तरी सूर थरथरायला लागतो आणि बुवा वळून बघतात. काहींवर बोट फिरवायची सपाट पट्टी असते. मे महिन्यात, मांडवात, घामेजल्या बोटांनी ती वाजवून पाहावी म्हणजे मत आपोआप तयार होईल. आपल्या संगीताला चाक बरं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोम आहे. चाक फिरवलं की त्या चॅनेलवर वाजणारे सगळेच सूर वाकतात. खाली षड्ज धरून वर मींड घ्यायला गेलात तर षड्जही निघाला फिरायला, आणि ज्याच्या आधाराने गायचं तोच हलला म्हटल्यावर गायकाने कुठे बघायचं? यावर उपाय मिडीतच आहे. एका केबलमधून १६ चॅनेल जातात. पट्ट्यांचे दोन भाग करायचे, डावीकडच्या भागाला एक चॅनेल द्यायचा, उजवीकडच्याला दुसरा, आणि चाक फक्त उजवीकडच्याला बांधायचं. खाली तंबोऱ्यासारखा सूर स्थिर, वर बासरी हवी तशी वाकते. म्हणून कंट्रोलर असे भाग स्वतः करून देतो का हे विचारावं. लॅपटॉपमध्येही ते करता येतं, पण जे काम वाद्य स्वतः करतं त्याची स्टेजवर काळजी नसते.

भात्याचं मूळ काम, म्हणजे दम, पायात उतरतं. संगीत नाटकांच्या साथीला पायाने हवा भरायचा ऑर्गन असे, तेव्हा यात नवल काही नाही. कंट्रोलरच्या मागे बघा. पेडलसाठी एकच भोक असेल तर त्यात सस्टेन जाईल आणि सूर फुलवायला, विझवायला काही उरणार नाही. दोन हवीत, आणि त्यातलं एक एक्स्प्रेशन पेडलचं. व्हायोलिनांचा टोन लावून पेडलशिवाय वाजवला तर तो दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद होतो. पायाने हळूच उघडला की त्यात जीव येतो. आता एक फुकटचा सल्ला: सगळ्या कंपन्यांच्या सस्टेन पेडलची चाल एकसारखी नसते, एकाचं दाबल्यावर जोडणी होते, दुसऱ्याचं दाबल्यावर तुटते. पुष्कळ कंट्रोलर चालू होतानाच हे ओळखून घेतात. त्या क्षणी तुमचा पाय पेडलवर असला तर सगळं उलटं. पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात. घाबरायचं नाही. बंद करून, पाय बाजूला घेऊन पुन्हा चालू करायचं.

तिसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाण्याच्या पट्टीची. तालमीला काळी दोन ठरलेली असते. कार्यक्रमाच्या संध्याकाळी विंगेत बुवा घशावरून हात फिरवत म्हणतात, ‘आज काळी एक ठेवा हो.’ स्केलचेंजर पेटीवाला ओळ सरकवतो आणि मोकळा होतो. कंट्रोलरवर हे ट्रान्सपोजचं बटण डाव्या हाताखाली, स्वतंत्र, आणि आकडा ठळक दाखवणारं हवं. मेन्यूत शिरून, शिफ्ट दाबून, तिसऱ्या पानावर ते सापडत असेल तर तो कंट्रोलर घरच्यासाठी आहे. सप्तक बदलायचं बटण त्याच्या अगदी शेजारी, त्याच आकाराचं असेल तरी मी नाक मुरडतो. निवेदक एक शेर म्हणतो तेवढ्यात, अर्धवट अंधारात, न बघता हे जमायला हवं.

इथे दुकानात पुन्हा थोडा वेळ आवाज चालू करायला सांगा, कारण ही परीक्षा कानाचीच. एक पट्टी दाबून धरा. ती धरलेली असतानाच ट्रान्सपोज एकाने वाढवा. मग बोट उचला. सूर थांबला तर ठीक. काही स्वस्त कंट्रोलरांवर थांबत नाही. दाबताना त्याने ६० नंबरचा सूर चालू करायचा निरोप दिलेला असतो, उचलताना हिशेब बदललेला असतो म्हणून तो ६१ बंद करायला सांगतो. पलीकडचा लॅपटॉप आज्ञाधारक. साठला कोणी बंद कर म्हटलेलंच नाही, तर तो वाजत राहतो. केबल मध्येच सुटली तरी हेच होतं. भरल्या नाट्यगृहात, गायिका अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीवर आलेली आणि स्पीकरमधून एक अनाथ सूर अखंड वाहतोय, हा प्रसंग ज्याने भोगला तो पॅनिक नावाच्या बटणाची किंमत जाणतो. ते दाबलं की सगळ्या सुरांना एकदम बंदचा हुकूम जातो. एका बोटाने, डाव्या हाताने, दाबता येणारं पॅनिक बटण ज्याच्यावर असेल त्याला माझ्याकडून दहा गुण जास्त.

वन्समोअरची तयारीही पाहावी. आपले प्रेक्षक नाट्यपदाला वन्समोअर देतात तेव्हा साथीदार पुढच्या गाण्याच्या टोनवर पोचलेला असतो. मागचा टोन एका बटणात परत यायला हवा. पुढे जाणारं बटण आहे पण मागे येणारं नाही, असे कंट्रोलर मी पाहिले आहेत. ते बनवणाऱ्याने मराठी नाट्यगृह पाहिलेलं नसणार. रंगीबेरंगी उजळणारी बटणं दुकानात देखणी दिसतात, पण स्टेजवर लाल दिवे पडले की लाल आणि पांढरं एकच होऊन जातं. जागेवरून ओळखू येतील अशी, मोजकी बटणं बरी.

शेवटी मागची बाजू. यूएसबी तर हवंच, पण पाच पिनांचं जुनं गोल भोकही असू द्या. ज्याला नव्या पोरांनी म्युझियममध्ये घालायचं ठरवलंय, त्या जोडणीत एक फार शहाणी योजना आहे. येणारा निरोप आधी उजेडात बदलतो, पलीकडे तो उजेड पुन्हा विजेत बदलतो, त्यामुळे एका यंत्राची वीज दुसऱ्यात शिरत नाही आणि घरघर तिच्यावाटे पसरत नाही. अर्थिंगचा पत्ता नसलेल्या हॉलमध्ये आणि जनरेटरवर चालणाऱ्या मांडवांत वाजवणाऱ्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. यूएसबीची केबल साधारण ५ मीटरपर्यंत भरवशाची, ही १५ मीटरपर्यंत जाते. लॅपटॉपने मान टाकली तर याच भोकातून एखादं जुनं साउंड मॉड्यूल जोडून कार्यक्रम पुढे नेता येतो. मात्र पाच पिनांतून कंट्रोलरला वीज मिळत नाही, तेव्हा अडॅप्टरचं भोक वेगळं आहे ना, हे तिथेच बघून घ्या. कितीतरी कंट्रोलर यूएसबीतून आलेल्या विजेवरच जगतात.

सूर उशिरा येतो ही तक्रार मात्र कंट्रोलरवर ढकलू नका. पाच पिनांच्या केबलमधून एका सुराचा निरोप मिलिसेकंदाच्या आतच पोचतो. उशीर होतो तो लॅपटॉपमध्ये. बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी तो जमवतो तो साठा, २५६ सॅम्पलवर ठेवला तर साधारण ६ मिलिसेकंद. आवाजाला हवेतून एक मीटर जायला जवळजवळ ३ लागतात, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेकाही आपल्यापर्यंत तेवढाच उशिरा येतो, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

सोसायटीच्या गणपतीत किंवा ऑफिसच्या स्नेहसंमेलनात वर्षातून दोनदा वाजवणाऱ्याने कंट्रोलरच्या भानगडीत पडूच नये. स्वतःचा आवाज असलेला साधा कीबोर्ड घ्यावा. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारखे भारतीय टोन असलेले कीबोर्ड मिळतात, बटण दाबलं की वाजतात आणि लॅपटॉप रुसण्याची भीती नाही. ज्याचा गायक ठरलेला आहे, टोन स्वतः जमवलेले आहेत आणि महिन्याला कार्यक्रम आहेत, त्याने ६१ पट्ट्यांचा, चाकांचा, दोन पेडलांचा, पाच पिनांचा कंट्रोलर घ्यावा. तो पंचवीस पॅड आणि नऊ फेडर असलेल्या शेजारच्या झगमगीत कंट्रोलरपेक्षा बहुधा स्वस्तच पडेल. वाचलेल्या पैशांत एक चांगलं एक्स्प्रेशन पेडल, मिक्सरला जोडायला एक डीआय बॉक्स आणि दोन जादा केबल घ्याव्यात.